गिरिजाचे सोमवार

आमच्या आईला कुणीतरी आवरा! माझा धाकटा भाऊ यतीन लग्नानंतर गिरगावातून भाईंदरजवळच्या सिल्व्हर पार्कला राहायला आला. सोबत आई आली आणि आईचे उपासही आले. चार वर्षं झाली तरी पाळणा हलेना, की लावले सुनेच्या मागे! सोमवार, गुरुवार, संकष्टी, वर एकादशी. गिरिजा हूं की चूं न करता करायची. मी जवळच्याच हाटकेशहून भेटायला जावं, तर ही आपली कोरड्या तोंडाने दुसऱ्यांच्या पोळ्या लाटतेय.

रिकाम्या पोटी चहा ढोसायचा, दुपारी साबुदाण्याची खिचडी. पित्त होणार नाही तर काय? सारखी मळमळ, उलट्या. खालचा मेडिकलवाला तिला बघताच, "भाभी, वही वाली ना?" म्हणत उलटीच्या गोळ्यांची पट्टी पुढे करायचा. चिठ्ठी नाही, विचारपूस नाही. वर्षानुवर्षं!

मग पाळीच बंद झाली. छातीतून दूध येऊ लागलं. दिवस गेले समजून आईने पेढे वाटले, तपासणीत काही नाही. झालं! "बाहेरचं आहे," म्हणत आणखी एक वार वाढवला. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर यतीनसाठी दुसरी बघू, असं तिच्यादेखत बोलली. माझं डोकंच फिरलं. मी दोघींना भाईंदरच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं.

रक्तात प्रोलॅक्टिन भलतंच वाढलेलं निघालं. बाई म्हणाल्या, "हे बाळंतिणीला दूध आणणारं हार्मोन. ते वाढलं की पाळी थांबते, दिवस राहत नाहीत. थायरॉइडमुळे वाढतं, पण तुमचं ठीक आहे. कधी मेंदूतल्या ग्रंथीवर गाठ असते. काही गोळ्यांनीही वाढतं. कुठल्या घेता?"

गिरिजाने पर्समधून पट्टी काढली.

"ही रोज? कशाला?"

"उपासाने उलट्या होतात."

"मग उपास कशासाठी करता?"

गिरिजाने मान खाली घातली. "मूल व्हावं म्हणून."

बाईंनी पट्टी तिच्या हातातून काढून घेतली. "या गोळीनेही प्रोलॅक्टिन वाढतं. आधी ही बंद करा. महिन्याने पुन्हा रक्त बघू. उतरलं नाही, तर डोक्याचा स्कॅन काढू."

रिक्षात आई म्हणते कशी, "पाळी सुरू होऊ दे, सोळा सोमवार करून घेईन तिच्याकडून!" कपाळ माझं! हिच्यापुढे डॉक्टरांनी काय डोकं फोडायचं?

त्या दिवशीही सोमवारच होता. घरी आल्यावर गिरिजाने यतीनसाठी केलेला वरणभात स्वतःच्या ताटात वाढून घेतला.

"अगं, सोमवार आहे!" आई ओरडली.

"माहितेय, आई." तिने भात कालवला. "मला मूल हवंय," म्हणाली आणि घास तोंडात घातला.