कूस बदलण्याचा सराव

बाबांना पार्किन्सन्स झाल्यावर सगळ्यांनी त्यांच्या थरथरणाऱ्या हाताची चौकशी केली, झोपेची कुणीच केली नाही. रात्री गोळीचा असर उतरला की त्यांना स्वतःहून कूस बदलता येत नसे. ते हाक मारत. मग आई उठायची, एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालून त्यांना वळवायची. असं चार-पाच वेळा. आईने सत्तरी ओलांडली होती आणि तिची पाठ आधीच दुखरी होती.

मी शहराच्या एका टोकाला, मारतहळ्ळीला राहते, शनिवार-रविवार दुसऱ्या टोकाला बनशंकरीला त्यांच्याकडे जाते. एका शनिवारी आईला ओट्याला टेकून उभ्या उभ्या डुलकी लागली आणि फोडणी जळाली. मी गॅस बंद केला आणि निर्णय जाहीर करून टाकला. सोमवारपासून रात्रीसाठी माणूस ठेवायचा आणि आईने दुसऱ्या खोलीत झोपायचं. परस्पर निर्णय घ्यायची मला खोडच आहे.

“अय्यो, पंचेचाळीस वर्षं एका खोलीत काढली. आता कशाला गं वेगळं?” आई म्हणाली. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचा चेहरा इतका पडला होता की मलाच बघवेना. म्हटलं, बरं, दोन दिवस. रविवारी रात्री बाबा एकदा जरी आपले आपण वळले, तर माणूस नको.

अंथरुणावर गुळगुळीत कापड असलं की वळायला सोपं जातं, असं फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या होत्या. मी तडक चिकपेटच्या कापडबाजारात गेले, सॅटिनची चादर आणली आणि गादीभर घट्ट खोचली. बाबा काठावर बसले आणि अलगद घसरून जमिनीवर आले. लागलं नाही, पण मी इतकी घाबरले की त्यांच्यावरच ओरडले.

“वळायला शिकवतेस का पडायला?” ते खालूनच म्हणाले.

मला स्वतःची फार लाज वाटली. बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, गुळगुळीत कापड फक्त खांद्यापासून मांडीपर्यंत घाला, काठाला आणि पायांकडे सुतीच हवं, टाचा रोवता आल्या पाहिजेत.

तेवढ्यात आई कपाटातून तिची म्हैसूर सिल्कची साडी घेऊन आली. “ही घाल. मेल्या निऱ्या कधी जागेवर राहिल्या नाहीत. अख्ख्या लग्नात हातात धरून हिंडले होते.” सॅटिन काढून सुती चादर घातली आणि तिच्यावर मधोमध तिने साडी घडी करून पसरली आणि दोन्ही टोकं गादीखाली खोचली. साडीची वाट लागेल, असं मी म्हणणार होते. त्याऐवजी साडीच्या सुरकुत्या सरळ करायला लागले.

मग सराव सुरू झाला. गुडघे वर घ्यायचे, एका बाजूला पाडायचे, मागोमाग हात न्यायचा. “स्वल्प, अजून थोडं,” आई म्हणायची, आणि बाबा वैतागायचे, “तूच वळ बघू!” रविवार संध्याकाळपर्यंत जेमतेम दोनदा जमलं, तेही दिवसा, गोळीच्या जोरावर.

रात्री मी त्यांच्या खोलीत खाली गादी घालून झोपले. बाबांनी दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा आईने वळवलं. मी मनातल्या मनात माणूस ठरवून टाकला होता.

पहाटे पलंग करकरला. बाबांचे गुडघे हळूहळू वर आले, कलले आणि अर्ध्यावरच थांबले. उठून ढकलावं असं मला इतकं वाटलं की मी पांघरूण मुठीत आवळून धरलं. पुन्हा गुडघे कलले. हात गेला, खांदा गेला, आणि बाबा आईच्या बाजूला वळले. आई टक्क जागी होती. इतका वेळ तिनेही हात लावला नव्हता.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग बाबा दमलेल्या आवाजात म्हणाले, “झोप आता तू.”

आणि आई झोपली. सकाळी साडेआठ वाजले तरी बाबांनी मला तिला उठवू दिलं नाही.