मोडीत निघालेली हिरवी मोटार

नोकरीतले पुष्कळ तपास विसरलो, पण एका सर्व्हिस मोटारीचा, म्हणजे उतारू नेणाऱ्या खासगी गाडीचा, तपास काल केल्यासारखा डोळ्यांपुढे आहे. युद्धाचे दिवस होते, नव्या मोटारी मिळत नव्हत्या. मी फौजदार होतो आणि मार्गासनीवरून वेल्ह्याला जाणारा रस्ता माझ्या हद्दीत होता.

त्या रस्त्यावरची एक जुनी मोटार तपासणीत बाद झाली होती. तिच्या चेसिसला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, तडा गेला होता. मोटार मोडून लोखंड विकले, असा जबाब मालकाने दिला, नंबराची पाटी जमा केली आणि आम्ही कागद फायलीला लावला. थोड्याच दिवसांत त्याची दुसरी, हिरवी मोटार त्याच रस्त्यावर धावू लागली.

एका सकाळी हजेरी चालू असताना डोंगरातल्या वाडीवरची एक धनगर बाई ठाण्यात आली.

"सायेब, मोडीत गेलेली मोटार परत जित्ती हुती का?"

"काय झालं, नीट सांगा."

"जुन्या मोटारीची ताडपत्री फाटली व्हती. डायवर म्हनला म्हून म्या लोकरीच्या दोऱ्यानं शिवली. आज हिरव्या मोटारीत बसले, तर टाका माझाच! उद्या माजी लेक तिच्यातनंच यायचीय. पोटुशी हाय ओ ती."

मी मालकाला आणि ड्रायव्हरला मोटारीसकट बोलावून घेतले. मालक शांत होता.

"जुनी ताडपत्री नव्या मोटारीला लावली. त्यात गुन्हा कसला?"

कागद पाहिले, ते चोख होते. ड्रायव्हर वरवे गावचा, पन्नाशीचा. तो खाली मान घालून म्हणाला, "मालक म्हनत्यात तसंच हाय."

दमात घेतल्याने माणूस खरे बोलतो, यावर माझा कधीच विश्वास नव्हता. मी टोपी चढवली आणि मालकाला म्हणालो, "मला वेल्ह्याला जायचंच आहे. तुमच्याच मोटारीने जाऊ. तुम्ही माझ्याशेजारी बसा."

त्याला एकदम भोरचे काम आठवले. मग पित्त आठवले. मी आत जाऊन बसलो. त्याने पायरीवर एक पाय ठेवला आणि परत खाली घेतला.

ते ड्रायव्हरने पाहिले.

"रोज गाडीभर मानसं नेतो म्या, तवा तुमास्नी भ्या वाटलं न्हाई?" तो मालकाला म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "सायेब, तीच मोटार हाय ही. तड्यावर पट्टी मारून रंग दिलाय. कागद दुसऱ्या मोटारीचं हाईत. उतार लागला की खाली कडाकडा वाजतंय."

पंचांसमोर लोहाराने पट्टी काढली. तड्यात माझ्या बोटाचे पेर सहज गेले. मोटार तिथेच जप्त केली. दुसऱ्या दिवशी ती लेक बैलगाडीतून उशिरा, पण सुखरूप पोचली. पुढे मालकाला शिक्षा झाली आणि मोटार खरोखरच मोडली. ते काम मी स्वतः उभे राहून करून घेतले.

मोटार चालवण्याजोगी आहे की नाही, याचे उत्तर मी कागदात शोधत बसलो होतो. ते रोज चाक हातात धरणाऱ्याला ठाऊक होते आणि मी त्याला एकदाही एकटे गाठून विचारले नव्हते. साक्ष दिल्यावर त्याला कोणी मोटारीवर ठेवीना. तेव्हा मी चार ठिकाणी शब्द टाकून त्याला दुसऱ्या मालकाच्या मोटारीवर काम मिळवून दिले. खरे बोलणाऱ्याची चूल विझू न देणे हाही तपासाचाच भाग आहे, हे मी त्या वेळी शिकलो आणि पुढे हाताखालच्या प्रत्येक हवालदाराला शिकवले.