ब्रेकबाईंचं इंजिन

आमच्या हिला सगळं गाव ब्रेकबाई म्हणतं. पाठीमागे. समोर मात्र सगळे मॅडम म्हणतात, कारण निम्म्या गावाला गाडी चालवायला हिनंच शिकवलंय आणि उरलेल्यांची मुलं अजून शिकायची आहेत. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. त्या जादा ब्रेकवर पाय ठेवून हिनं उमेदीची सगळी वर्षं काढली. स्टिअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात, आणि ओरडून ओरडून घसा बसायचा तो हिचा.

मी शिंपी आहे. घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं मशीन, कापायचं टेबल आणि इस्त्री. मला गाड्यांतलं काडीचं कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. तरी हे मीच सांगतोय, कारण लोक ही गोष्ट सांगताना ती हसण्यावारी नेतात आणि मला त्याचा भयंकर राग येतो.

स्कूल माझ्या धाकट्या भावाचं. बाहेर त्याला मालक म्हणतात, घरात आम्ही धाकटाच म्हणतो. मालक तो, पण स्कूल चालवलं हिनं. गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात आपोआप गिअर बदलणाऱ्या नव्या गाड्या शिरल्या आणि हिला मानानं घरी बसवायचं त्यानं ठरवलं. निरोपाचा कार्यक्रम केला. नव्या शिकवणाऱ्या पोरांसमोर भाषण ठोकलं, "आमच्या वहिनींनी एवढ्या वर्षांत एकही अपघात होऊ दिला नाही. होणार कसा? यांची गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढं कधी गेलीच नाही!"

सगळे खो खो हसले. हीसुद्धा हसली. ही ओठ मिटून हसते तेव्हा समोरच्यानं सावध व्हावं, हे धाकट्याला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

"वहिनी, आठवण म्हणून काय देऊ?" त्यानं विचारलं.

"माझी गाडी द्या."

"ती? अहो, ती भंगारात निघालीय. पुढच्या तपासणीत पास व्हायची नाही. इंजिन पार दमलंय."

"इंजिन दमलंय भावोजी. मी नाही."

भरसभेत आता मागं कसं फिरायचं? धाकट्यानं हात वर करून जाहीर करून टाकलं. तपासणीत पास झाली तर गाडी वहिनींच्या नावावर. नापास झाली तर थेट यार्डात, तुकडे करायला. टाळ्या पडल्या. तपासणीला महिना-दीड महिना उरला होता.

घरी आल्यावर हिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. "तिसऱ्याच्या पुढं मी नेली नाही, की तिच्यात दमच नव्हता? गावाबाहेरच्या चढावर तीन माणसं बसली की पहिल्या गिअरमध्ये रडायची ती. मागून ट्रकवाले हॉर्न मारायचे, शिव्या द्यायचे. शिकणारी पोर रडकुंडीला यायची. आणि मी शांतपणे म्हणायची, लक्ष देऊ नकोस. अहो, मला लक्ष द्यायचं होतं! खाली उतरून एकेकाची गचांडी धरायची होती."

"मग आता काय करणार आहेस?"

"मोठं इंजिन बसवणार."

"कुठं?"

"तुमच्या शेडमध्ये."

मी कपाळाला हात लावला. त्याचा उपयोग होत नाही हे माहीत असूनही लावला.

हिला हे काम नवीन होतं, पण अगदीच परकं नव्हतं. धाकट्यानं ती गाडी कधी वेळेवर गॅरेजला धाडली नाही. त्यामुळे क्लच प्लेटपासून रेडिएटरपर्यंत सगळं हीच खोलायची, हीच लावायची. भंगारवाल्याकडे त्याच कंपनीची एक स्पोर्ट्स गाडी मागून चेपून आलेली होती. पुढचा भाग शाबूत, इंजिन टर्बोचं, जुन्याच्या दुपटीहून जास्त ताकदीचं. भंगारवाल्यानं माझ्याकडे बघत विचारलं, "मुलासाठी घेताय का?"

"आम्हाला मुलगा नाही," ही म्हणाली. "आणि असता तरी त्याला दिलं नसतं."

त्या गाडीतून हिनं सगळ्यात आधी काय उतरवून घेतलं असेल? पुढचे मोठे ब्रेक. इंजिन आणि गिअरबॉक्स नंतर. ताकद वाढवायची तर आधी थांबायची सोय करायची, असं ही भंगारवाल्याला शिकवू लागली. तो बिचारा मान डोलवत राहिला.

मग माझ्या शेडमध्ये जे सुरू झालं त्याला मी संसार म्हणणार नाही. कापायचं टेबल भिंतीला गेलं. छताच्या लोखंडी तुळईला चेनपुली लटकली. जुनं इंजिन साखळीला बांधून वर उचललं तेव्हा मी मशीनखाली जाऊन बसलो होतो, हे हिनं सगळ्यांना सांगितलं आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. एका वकिलाचा काळा कोट मी शिवत होतो. ट्रायलला आल्यावर त्यानं बाही हुंगली आणि विचारलं, "याला पेट्रोलचा वास का येतोय?" मी म्हटलं, कापड परदेशी आहे.

वायरिंगनं मात्र आम्हा दोघांना घाम फोडला. नव्या इंजिनाच्या वायरींचं जाळं टेबलावर पसरलं तर टेबल पुरेना. कुठली वायर कशाची, हे ही उलगडत जायची आणि मी प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायचो. लाल दिव्यांना, पिवळा पंख्याला, निळा इंधनाला. ही रागीट आहे, मी कुरकुऱ्या आहे, पण त्या दोन दुपारी आम्ही भांडलो नाही. मला बरं वाटलं, उगाच कशाला नाही म्हणू.

फुकटचे सल्लागार रोज यायचे. दाराशी उभं राहून हात मागे बांधायचे. एक निवृत्त साहेब म्हणाले, "बाईंनी या वयात हा उपद्व्याप करण्यापेक्षा घरातलं काहीतरी करावं."

ही गाडीखाली आडवी झाली होती. तिथूनच आवाज आला, "हे घरच आहे. तुम्ही दारात उभे आहात. उजेड सोडा."

साहेब परत आले नाहीत. मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले.

खरी फजिती चाकांच्या दांड्यांनी केली. गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकांपर्यंत दोन बाजूंना दोन दांडे जातात, तेच चाकं फिरवतात. गिअरबॉक्स नवा, चाकांचे सांधे जुने, त्यामुळे दांडे लेथवाल्याकडून मापानं बनवून घ्यायचे होते. गाडी तेव्हा लोखंडी टेकूंवर, म्हणजे घोड्यांवर चढवलेली, चाकं अधांतरी लोंबत होती. हिनं माझाच टेप घेतला. एक टोक मी धरलं, दुसरं हिनं. माप घेतलं, लेथवाल्यानं दांडे बनवले, आम्ही ते बसवले. चाकं हातानं फिरवली तर काय गोड फिरली!

मग गाडी खाली घेतली. जमिनीला चाकं टेकली, गाडीचं वजन त्यांच्यावर आलं आणि आतून कट्‌ असा आवाज झाला. गाडी ढकलली तर हलेना. गिअरबॉक्सखाली तेलाचं थारोळं साचू लागलं. चाकं लोंबताना जे अंतर होतं ते गाडी टेकल्यावर कमी झालं होतं; दांडे लांब पडले होते आणि आत घुसले होते.

आयुष्यभर मी पँटची मापं घेतली. गिऱ्हाईक जमिनीवर ताठ उभं राहिल्याशिवाय टेप काढत नाही मी. आणि इथं गिऱ्हाईकाला लटकवून माप घेतलं! हे मी बोलून दाखवलं. बोलायला नको होतं.

नेमका तेव्हाच धाकटा आला. तेल बघितलं, अडकलेलं चाक बघितलं आणि मायेनं बोलायला लागला. तो मायेनं बोलतो तेव्हा मला त्याला फटकवावंसं वाटतं. "वहिनी, झाली ना हौस? उगाच जिवाला त्रास कशाला? मी उद्याच यार्डाची गाडी पाठवतो. तपासणीत चारचौघांत नाक कापून घेण्यापेक्षा हे बरं."

हिच्या हनुवटीला तेल लागलं होतं. डोळे भरले होते, ते रागानं की कशानं ते मी विचारलं नाही. "गाडी पाठवा," ही म्हणाली. "पण ती तपासणीच्या फाटकाशी उभी करा. इथं शेडमध्ये पाऊल टाकलं तर त्या गाडीचंही इंजिन काढून घेईन."

धाकटा गेला. मग ही माझ्या स्टुलावर बसून रडली. चांगली हुंदके देऊन रडली. "या वेळी नाही झालं तर संपलंच हो," म्हणाली. "मग मी कायमची त्या शेजारच्या सीटवर."

मी टेप घेऊन गाडीखाली शिरलो. पहिल्यांदाच. गाडी आपल्या चाकांवर उभी होती. तसंच माप घेतलं, वर थोडी ढील ठेवायला सांगितली, गुडघा वाकवायला लागते तशी. लेथवाला पोट धरधरून हसला, पण दांडे त्यानं त्याच दिवशी बनवून दिले. गिअरबॉक्सचं फुटलेलं सील हिनं बदललं आणि नवे दांडे बसवले.

तपासणीच्या दिवशी धाकटा खरंच आला होता. यार्डाचा ट्रकही फाटकाशी होता. तपासनीस हिचाच जुना विद्यार्थी निघाला. हा पोरगा शिकत असताना स्वतःच्या सावलीलाही ब्रेक मारायचा, असं हिनं मला कितीदा सांगितलेलं. आता त्याला मिशा आल्या होत्या आणि हातात टॉर्च होता. त्यानं बॉनेट उघडलं आणि बराच वेळ बंद केलं नाही.

"मॅडम, हे कुठल्या गॅरेजनं बसवलं?"

"मी बसवलं."

"घरी बसवलेलं इंजिन आहे साहेब," धाकटा पुढं सरसावला. "जबाबदारी कोण घेणार? ब्रेक लागले नाहीत तर?"

"ते बघतो मी," तपासनीस म्हणाला. "चला मॅडम, मागच्या चढावर एक फेरी."

मी मागं बसलो. ही स्टिअरिंगला. तपासनीस शेजारच्या सीटवर, जिथं ही जन्मभर बसली. जादा पेडल अजून तिथंच होते. "पाय मागं घेऊन बसा," हिनं त्याला बजावलं. त्यानं मान हलवली. सगळे विद्यार्थी हलवतात तशीच.

चढ सुरू झाला. दुसरा गिअर, तिसरा. मग टर्बोनं जोर धरला आणि माझी पाठ सीटला चिकटली. चढ आहे हे गाडीच्या गावीही नव्हतं. माथा धावत अंगावर आला. चौथा पडला आणि तेवढ्यात तपासनिसानं डोळे घट्ट मिटून दोन्ही पाय पुढं खुपसले.

गाडी थांबली. सरळ, जागच्या जागी. ना घसरली, ना वाकडी झाली. माझा चष्मा तेवढा पुढच्या सीटखाली गेला.

हिनं हँडब्रेक ओढला आणि त्याच्याकडे वळून विचारलं, "ब्रेक लागतात का?"

"लागतात मॅडम," तो बारीक आवाजात म्हणाला.

खाली आल्यावर त्यानं मुकाट्यानं सगळं पुन्हा तपासलं. धूर, दिवे, आवाज, दांडे. दांड्यांपाशी टॉर्च थांबला तेव्हा मी खिशातला टेप चाचपला. मग म्हणाला, "ते जादा पेडल काढावे लागतील. बाकी पास." कागदावर गॅरेजच्या रकान्याशी त्याचं पेन अडलं. हिनं त्याच्या हातातून पेन घेतलं आणि तिथं स्वतःचं नाव ठळक अक्षरात लिहिलं. पेडल तिथंच, डांबरावर गुडघे टेकून हिनं पाना लावून काढले आणि धाकट्याच्या हातात दिले. यार्डाच्या ट्रकवाल्यानं रिकामाच ट्रक वळवला.

धाकट्यानं कागदावर सही केली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, "झाली तुमच्या नावावर. पण वहिनी, एवढी ताकद घेऊन तुम्ही जाणार कुठं?"

हिनं गाडीचं दार उघडलं. मला म्हणाली, "बसा."

मी पुढं, शेजारी बसलो. पायांपुढं नुसती मोकळी जागा. गाडी गावातून निघाली, सिग्नलला थांबली, दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांनी हात केले. मला एका कोटाची बटणं लावायची होती आणि मनात मी तोच हिशेब करत होतो. आमच्या गल्लीचं वळण आलं. ही वळली नाही.

"अगं, घर मागं राहिलं."

"राहू दे," ही म्हणाली. समोर तो गावाबाहेरचा चढ होता, त्यावर एक ट्रक कुंथत चालला होता. हिनं इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, नियमाप्रमाणे सगळं केलं, आणि चौथा टाकला.