काठावरच्या चपला

माझ्या कादंबरीतल्या काल्पनिक राज्यात एक खजिना आहे. त्याला इतिहास हवा, म्हणून मी लिहिलं, ‘राजाने तो जमिनीत पुरला आणि खड्डा खणणाऱ्या सातही जणांना मारून टाकलं.’

बायकोने वाचून विचारलं, “सात माणसं एका ओळीत संपवलीस?”

“मग गुपित कसं राहणार?” मी चिडलोच.

आज सकाळी खिडकीखाली पाइपलाइनसाठी खणायला मजूर आले. खड्ड्यात उतरण्याआधी प्रत्येकजण चपला काढून काठावर नीट ठेवत होता, वर आल्यावर लगेच सापडाव्यात म्हणून. माझ्या राजालाही अशाच चपला दिसल्या असणार.

मी त्या ओळीखाली लिहिलं, ‘संध्याकाळी काठावर सात जोड चपला होत्या.’

खजिन्यात काय होतं, ते लिहायचं राहूनच गेलं.