गिरणीच्या भिंतीवरचं खोटं कारण

नरसिंगअप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या दुबलगुंडी गावातल्या पिठाच्या गिरणीपाशी. ते भिंतीवर खडूनं लिहीत होते, संक्रांतीला तुरीचा भाव काय राहील ते. पाच शिवारांतल्या शेंगा बघून, हैदराबादेहून परतणाऱ्या ट्रकवाल्यांना विचारून ते अंदाज मांडत. तूर ठेवायची की विकायची, हे निम्मं गाव त्यावर ठरवायचं.

एका साली भाव पडला. माझ्या वडिलांनी अप्पांच्या शब्दावर तूर ठेवली होती. ते भर गिरणीत म्हणाले, "अप्पा, तुमी बुडिवलं की वो!"

"व्हय, माझं चुकलं," अप्पा म्हणाले. जुना आकडा त्यांनी पुसला नाही. शेजारी खरा भाव लिहिला आणि खाली कारण : 'उदगीरची आवक धरली न्हाई.'

पुढच्या साली पोरं चिडवायला लागली, "अप्पा, औंदा उलटं लिवा, म्हंजी खरं निघंल!"

अप्पा हसले. "उलटं कामून? एक गोष्ट चुकली, समदं न्हाई चुकलं." उदगीरची आवक धरून त्यांनी भाव थोडकाच खाली लिहिला. तो जवळपास खरा निघाला, तेव्हा कुठं वडिलांनी त्यांना पुन्हा चहाला बोलावलं.

माझं म्हणाल तर सातवीत शाळा सोडली, मग शिंप्याचं दुकान सोडलं, मग गॅरेज. पिंपरीला कामाला निघालो तेव्हा अप्पांनी भिंतीवर माझं नाव लिहून पुढं मांडलं, 'तीन महिने.' सगळे हसले. मला लई राग आला.

तीन महिने उलटले आणि त्यांचं कार्ड आलं. 'तू माघारी आला न्हाईस. माझा अंदाज चुकला. कामून थांबलास ते कळीव, भिंतीवर लिवायचंय.' मी कळवलं, 'खानावळ चांगली आहे.' त्यांनी तेच लिहिलं म्हणे.

आज अप्पांना साठ वर्षं पूर्ण होतात, म्हणून सर्वांसमोर खरं सांगतो. अप्पा, कार्ड आलं त्या दिवशी माझी पिशवी भरलेली होती. संध्याकाळची गाडी धरणार होतो. 'तुझं चुकलं,' असं मला आजवर पुष्कळांनी सांगितलंय. 'तुझ्याबाबतीत माझं चुकलं,' असं म्हणणारे तुम्ही पहिले. मी पिशवी रिकामी केली. त्याला आता सहा वर्षं झाली.

खानावळ कधीच चांगली नव्हती. भिंतीवरचं ते पुसू नका, फक्त शेजारी खरं कारण लिहा : 'कार्ड.' आणि तुम्हाला धडधाकट शंभर वर्षं, असा माझा अंदाज मी इथून मांडतो. तो कमी पडला, तर शेजारी खरा आकडा तुमच्याच हातानं लिहा.