समुद्र दिसावा म्हणून

आमचं कोकणातलं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पण घरातून समुद्र दिसत नसे. मध्ये वाळूची टेकडी होती. माणसापेक्षा उंच, वर मर्यादवेल पसरलेली. निवृत्तीनंतर तिथं राहायचं आणि तोवर शनिवार-रविवार भाड्यानं द्यायचं, असा आमचा बेत. पुण्याच्या खराडीहून आलेल्या पहिल्याच पाहुण्यांनी विचारलं, "सी व्ह्यू कुठंय?" मी वारज्यातल्या घरातून फोनवरच जेसीबी ठरवला.

मागच्या वाडीतल्या काकूंना कळलं. त्यांनी फोन केला. "वहिनी, टेकडीला हात लावू नका. आमच्या विहिरीचं गोडं पाणी तिच्यामुळं आहे."

"काकू, विहिरीला पाणी जमिनीतून येतं," मी सांगितलं. पुण्यात बसून आम्हाला सगळंच ठाऊक असतं.

एका सकाळीत टेकडी सपाट झाली. पावसाळ्यात उधाणाचं पाणी थेट ओसरीवर आलं. आम्ही वाळू उपसली, फरशी धुतली, आमचं निभावलं. काकूंची विहीर मात्र मचूळ झाली. त्यांची सुपारीची बाग त्या एका विहिरीवर. दिवाळीपर्यंत झाडं पिवळी पडू लागली. टेकडीत मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरत होतं, हे मला तेव्हा समजलं. लाटा अडवणं आणि पाणी साठवणं, दोन्ही कामं ती फुकट करत होती.

मी कंत्राटदाराला भिंतीचं विचारलं.

"बांधू की. पण मग समुद्र दिसणार नाही हो मॅडम."

नवरा हसला. मला हसू आलं नाही. भिंतीनं विहीर गोडी होणार नव्हतीच.

भाड्यानं देणं बंद केलं. आता महिन्यातून एकदा जाते. वाळू धरायला झावळ्यांचे कूड रोवलेत, त्यांच्या आडोशाला मर्यादवेलीचे तुकडे लावलेत. वर्षभरात वाळू वीतभर साचली. पुरती टेकडी आम्हाला बघायला मिळेल असं वाटत नाही. काकूंच्या बागेतली निम्मी झाडं गेली.

पूर्वी मी गाडीतून उतरले की काकू न विचारता चहा आणायच्या. गेल्या खेपेला त्या कुंपणापाशी उभ्या होत्या.

"पाणी आणलंत पुण्याहून?"

"आणलंय."

"द्या एक बाटली. मग चहा ठेवते."

मी दोन दिल्या.