जिभेवरची माती

कालव्यावर पोसलेल्या जमिनीची कथा कोणत्याही देशात फारशी वेगळी नाही. पाणी येते, पीक मातते आणि काही पिढ्यांनंतर जमिनीच्या पोटातले क्षार वर येऊन शेत पांढरे पडते. प्राचीन काळी नदीकाठच्या काही लोकांनी गव्हाचा नाद सोडून जव पेरले, कारण जव खार अधिक सोसतात. आमच्या भागावर तोच फेरा आला, तेव्हा लोकांनी चाख्याचा आधार घेतला.

चाख्या हे त्याचे टोपणनाव. खारवटलेल्या शेतात पाणी साचवून, ते चरांवाटे सोडून माती धुतली जात असे. धुणे पुरे झाले की नाही, हे तो चिमूटभर माती जिभेवर ठेवून सांगे. त्याने होकार दिल्याशिवाय कोणी बियाणे बाहेर काढत नसे.

त्या वर्षी त्याच्या लेकीचे शेत धुऊन झाले होते. नोकरी सोडून आलेल्या जावयाने सारा जीव त्या एकाच शेतात गुंतवला होता. चाख्याने माती चाखली, थुंकली आणि निकाल दिला, "गोड आहे. पेरा."

"मामा, अजून एकदा धुवावं का?"

"जावईबापू, शेत आहे ते, नवरी नव्हे. किती न्हाऊ घालाल?"

सगळे हसले. चर बुजवून पेरणी झाली.

पुढे एका दुपारी जेवताना चाख्याच्या बायकोने पहिल्याच घासाला ताट दूर सारले. "अहो, भाजीत दोनदा मीठ पडलंय! आणि तुम्ही निम्मी संपवलीत? जिभेला कुलूप लागलंय का?"

"मला तर बरी लागली," तो म्हणाला आणि त्याचा हात थांबला. त्याने उठून बरणीतले मीठ जिभेवर ठेवले.

"कसं लागतंय?" बायकोचा आवाज उतरला.

"वाळूसारखं."

मागच्या तापापासून अन्नाची चव मंदावली होती. ते त्याने वयावर ढकलले होते. हात न धुताच तो शेताकडे निघाला.

कोंब वर आले होते, पण शेंडे करपलेले होते. लेक बांधावर उभी होती. त्याने चिमूटभर माती तिच्यापुढे धरली. "तू चाख."

तिने माती तोंडात घातली. तिचा चेहरा क्षणभर आक्रसला. "गोडच आहे, बाबा. कोंबांना ऊन लागलंय." मग पाठ फिरवून तिने बाहीने जीभ पुसली. त्याने ते पाहिले.

जावई पलीकडे बुजवलेला चर पुन्हा उकरू लागला होता. शेत पुन्हा धुवायचे म्हणजे पेरलेले सगळे पाण्याखाली जाणार होते. मदतीला म्हणून चाख्याने त्याच्या फावड्याला हात घातला. जावयाने ते सोडले नाही.

"मामा, तुम्ही सावलीत बसा," तो अगदी अदबीने म्हणाला.

चाख्या सावलीत जाऊन बसला. त्यानंतर त्याला कोणीही माती चाखायला बोलावले नाही.